छोट्या शहराच्या एफएम केंद्राचा इतिहास लिहायचा तर कुठून सुरुवात करावी?

प्रश्न थोडक्यात असा: जिल्ह्याच्या ठिकाणी आकाशवाणीचं एक स्थानिक एफएम केंद्र आहे. त्याला तीसेक वर्षं झाली. त्याचा इतिहास लिहायला घेतला, तर उद्घाटनाची कोनशिला, चार गटफोटो आणि निवृत्त निवेदकांच्या गोड आठवणी यापलीकडे काही सापडत नाही. जुन्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणंही मिळत नाहीत, ती का? आता कुठे शोधायचं आणि नेमकं काय शोधायचं?

मी अशाच एका केंद्रात अभियांत्रिकी विभागात पंचवीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर दोन सामुदायिक रेडिओ केंद्रांची, म्हणजे स्थानिक संस्थांनी चालवायच्या छोट्या केंद्रांची, उभारणी केली. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण पुढे काही कुरबुरीही येतील. पण तुमच्या कामाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कोनशिलेवरची तारीख टिपा आणि बाजूला ठेवा. छोट्या केंद्राचा इतिहास मोजायला दोनच मापं लागतात. दिवसातले किती तास केंद्र स्वतः बोलत होतं, आणि ते बोलणं कोणत्या गावापर्यंत पोचत होतं. ही दोन्ही मापं कागदावर आहेत, फक्त आठवणी सांगणाऱ्यांकडे नाहीत.

पार्श्वभूमी पटकन उरकतो. भारतात एफएम पहिल्यांदा वाजलं ते मद्रासला, २३ जुलै १९७७ रोजी. पुढच्याच वर्षी आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठी नेमलेल्या वर्गीज समितीचा अहवाल आला. प्रसारण सगळं दिल्लीच्या मुठीत नको, खाली उतरवा, असा त्याचा रोख होता. समितीनं सुचवलेली स्वायत्तता यायला १९९७ साल उजाडलं, पण 'स्थानिक केंद्र' ही कल्पना त्याआधीच पुढे सरकली. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूत नागरकोइलला पहिलं स्थानिक केंद्र सुरू झालं. मग सातव्या पंचवार्षिक योजनेत पैसा मिळाला आणि देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत मनोरे उभे राहू लागले. आपल्याकडे सांगली, परभणी, रत्नागिरी, जळगाव ही मध्यम लहरींची जुनी केंद्रं होती. सांगलीचं तर १९६३ सालचं. सातारा, बीड, नांदेड, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर, धुळे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर ही एफएमवाली पिढी साधारण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांतली. तुमचं केंद्र याच पिढीतलं दिसतंय.

या पिढीचं सगळ्यात मोठं दुखणं कुठल्याही स्मरणिकेत सापडणार नाही. केंद्र सुरू झालं तेव्हा ते ऐकायला लोकांकडे रेडिओच नव्हता! म्हणजे रेडिओ घरोघर होते, पण सगळे मध्यम आणि लघु लहरींचे. एफएमचा पट्टा असलेला सेट गावात एखाद्याच्या टेपरेकॉर्डरला असायचा, तोही बहुधा आखातातून कोणीतरी आणलेला. उद्घाटनाला मंत्री आले, मांडव पडला, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी गावातले लोक येऊन आम्हाला विचारू लागले, "साहेब, लागतच नाही की तुमचं स्टेशन." काटा फिरवून फिरवून बोटं दुखली म्हणायचे. त्यांच्या सेटवर ते लागणारच नव्हतं. त्यामुळे एफएमचे सेट तुमच्या शहरात कधी विकायला आले आणि कधी परवडू लागले, हे रेडिओ दुरुस्तीच्या जुन्या दुकानदारांना विचारा. केंद्राचा खरा पहिला दिवस तोच.

आता पल्ल्याकडे वळतो. हा माझा विषय, इथे जरा रेंगाळणार आहे.

मध्यम लहरी जमिनीला धरून सरपटत जातात, डोंगराला वळसा घालतात. एफएम तसं नाही. मनोऱ्याच्या टोकाला उभं राहिल्यावर जिथपर्यंत नजर जाईल, साधारण तिथपर्यंतच ते जातं, वातावरणामुळे किंचित वाकून थोडं पुढे. हिशेब सोपा आहे. मनोऱ्याची मीटरमधली उंची घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ नं गुणायचं. येतील तेवढे किलोमीटर. स्थानिक केंद्रांचे मनोरे बहुतेक १०० मीटरचे. वर्गमूळ दहा, म्हणजे ४१ किलोमीटर. ऐकणाऱ्यानं घराच्या गच्चीवर ९ मीटर उंचीला एरियल लावला तर त्याच्या बाजूनं आणखी १२ किलोमीटर. झाले ५३. ट्रान्समीटरची शक्ती दुप्पट केली तर फार फरक पडत नाही. उंची दुप्पट केली, तर सपाट मुलखात लांबच्या गावाला शक्ती चौपट केल्यासारखं वाटतं. पण मनोरा कोण वाढवून देणार? आणि आपला मुलूख सपाट कुठे आहे? सह्याद्रीच्या फाट्यांनी, बालाघाटच्या रांगांनी चिरलेल्या जिल्ह्यात हा हिशेब कागदावरच राहतो. डोंगराच्या अलीकडच्या गावाला खणखणीत, पलीकडच्या गावाला खरखर.

हे आम्हाला मोजणीच्या यंत्रांनी कळण्याआधी पोस्टकार्डांनी कळलं. फर्माईशीची पत्रं यायची, १५ पैशांची पोस्टकार्डं, गठ्ठ्यांनी. आमच्या ड्युटी रूमच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. एका सहकाऱ्यानं रिकाम्या वेळेचा उद्योग म्हणून, ज्या गावाहून पत्र येईल तिथे टाचणी टोचायला सुरुवात केली. वर्षभरात नकाशावर टाचण्यांचं शेत उगवलं, पण ईशान्येला एक पाचरीसारखा तुकडा उघडाच राहिला. त्या भागातली माणसं गाणी ऐकत नसतील असं कसं होईल? नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं. मनोऱ्यापासून निघालेली रेघ बरोबर एका डोंगराच्या सोंडेवरून जात होती आणि उघडा तुकडा तिच्या मागे होता. सावलीच ती. तुमच्या केंद्रात जुन्या पत्रांची नोंदवही असेल तर तिच्यातल्या फक्त गावांची नावं उतरवून घ्या. पत्रातल्या मजकुराइतकंच हे महत्त्वाचं आहे.

दुसरा कागद म्हणजे ट्रान्समीटरचं लॉगबुक. तासातासाला त्यात आकडे भरलेले असतात: बाहेर जाणारी शक्ती, अँटेनाकडून परत फिरलेली शक्ती, विजेचा दाब, किती वाजता वीज गेली, किती वाजता जनरेटर घेतला. इतिहास लिहिणारे हे उघडूनही पाहत नाहीत. एक उदाहरण देतो म्हणजे कळेल.

आमच्याकडे ३-३ किलोवॅटचे दोन ट्रान्समीटर जोडून ६ किलोवॅट बाहेर जायचे. एका पावसाळ्यात वीज पडली आणि त्यातला एक बसला. सामान्य माणसाला वाटेल, दोनातला एक गेला म्हणजे शक्ती निम्मी झाली. तसं होत नाही. दोघांना एकत्र करणाऱ्या यंत्रणेचा स्वभाव असा, की एक गेला तर उरलेल्याचीही अर्धी शक्ती डमी लोडमध्ये, म्हणजे जास्तीची शक्ती जिरवणाऱ्या भागात, उष्णता होऊन जाते. अँटेनाला मिळतात दीड किलोवॅट, म्हणजे चौथा हिस्सा. उपाय आहे: पॅनेलवरच्या यू आकाराच्या जोडण्या काढून उरलेला ट्रान्समीटर थेट अँटेनाला लावायचा, मग पूर्ण ३ किलोवॅट जातात. पाच मिनिटांचं काम, पण प्रसारण बंद ठेवून करायचं. त्या रात्री ड्युटीवर मी होतो आणि भर सभेत (सकाळ-दुपार-संध्याकाळच्या प्रसारणाच्या सत्राला आम्ही सभा म्हणतो) पाच मिनिटं शांतता होईल म्हणून मी ते केलं नाही. लॉगबुकात तीन तास दीड किलोवॅटची नोंद आहे, खाली माझी सही आहे. वरिष्ठांनी दुसऱ्या दिवशी जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यांचं बरोबर होतं. पुढे सुटा भाग यायला चार महिने लागले. फायलीवर फायली गेल्या. त्या चार महिन्यांत कडेच्या गावांची पोस्टकार्डं रोडावली. लॉगबुक आणि पत्रांची वही शेजारी शेजारी ठेवली की हे दिसतं. एकेकटं पाहिलं तर दोन्ही मुकी.

आता पहिल्या मापाकडे: स्वतःचे तास. त्यासाठी क्यू-शीट हवी. रोजच्या प्रसारणाचा मिनिटामिनिटाचा कागद. पहाटे संकेतधून, वंदे मातरम, मग काय, किती वाजता, कोणत्या टेपवरून, की दुसरीकडचं सहक्षेपण. आमच्यात सहक्षेपणाला कुणी सहक्षेपण म्हणत नसे, 'रिले' म्हणत. दिल्लीच्या बातम्या रिले, पुण्या-मुंबईच्या प्रादेशिक बातम्या रिले, दुपारी विविध भारती रिले. छतावर उपग्रहाची तबकडी बसली तेव्हापासून रिले घेणं इतकं सोपं झालं, की एक कळ दाबली की झालं. पद्धत अशी ठेवा: दर पाच वर्षांतला एक साधा आठवडा निवडा, सणवाराचा नको. त्या आठवड्याच्या क्यू-शीटवर केंद्राचं स्वतःचं जे असेल ते लाल पेन्सिलीनं रंगवा. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, महिलांचा, बालसभा, स्थानिक भजनी मंडळ, फर्माईश, बाजारभाव, हरवल्याच्या-सापडल्याच्या सूचना, सगळं लाल. पाच-सहा आठवडे रंगवून भिंतीला लावा. केंद्र कधी वाढलं आणि कधी आटलं हे एका नजरेत कळेल, आणि ते बहुतेक वेळा आठवणींशी जुळणार नाही. आमचं लाल सगळ्यात जास्त कधी होतं माहीत आहे? सगळ्यात जास्त माणसं होती तेव्हा नव्हे. कायम नोकरीतले लोक बदलीनं गेले, जागा भरल्या नाहीत, आणि महिन्यातून पाच-सहा ड्युट्या मिळणाऱ्या हंगामी निवेदकांनी केंद्र खांद्यावर घेतलं, त्या काळात. कुणी शिक्षिका होती, कुणी एलआयसीचा एजंट, कुणी एम.ए. करून घरी बसलेला. त्यांची बोली जिल्ह्याची होती. 'प्रमाण' उच्चारावरून त्यांना बोलणी खावी लागत, आणि पत्रं सगळी त्यांच्याच नावानं येत.

या लोकांची नावं कोनशिलेवर नाहीत, हजेरीपटावरही नीट नाहीत. क्यू-शीटच्या कोपऱ्यात मात्र आद्याक्षरं असतात. ती गोळा करा.

तुम्ही विचारलंय, जुन्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं का मिळत नाहीत. कोणी जाळली वगैरे नाही हो. टेप महाग होती आणि मोजून मिळायची. पाव इंच रुंदीची टेप सेकंदाला साडेसात इंच या वेगानं पळायची. १,२०० फुटांच्या एका रिळावर ३२ मिनिटं मावत. कार्यक्रम वाजला की रीळ पुसायला जायचं आणि पुढच्या आठवड्याच्या भजनाला वापरलं जायचं. मोठ्या केंद्रांत निवडक ध्वनिमुद्रणं संग्रहात ठेवायची व्यवस्था होती. छोट्या केंद्राच्या कपाटात जागा असायची ती कोऱ्या टेपलाच.

संपादनही हातानंच. एक सेकंद म्हणजे साडेसात इंच टेप, हे डोक्यात पक्कं बसलेलं असे. पाहुण्याचा खोकला म्हणजे तीन-चार इंच. टेप हातानं पुढे-मागे ओढत तो घोगरा 'व्हॉव' ऐकायचा, पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरका छेद द्यायचा आणि पांढरी चिकटपट्टी लावायची. तिरका अशासाठी, की सरळ कापलं तर जोडावर 'टक' ऐकू येतं. एका जुन्या संपादकांच्या टेबलाच्या कडेला कापलेल्या श्वासांची, खोकल्यांची, 'अं अं'ची भेंडोळी लोंबत असत. संध्याकाळी झाडूवाली मावशी ती गोळा करून न्यायची. कुंपणाला मिरचीची रोपं बांधायला तिला ती फार सोयीची वाटत. जिल्ह्यातल्या यच्चयावत पुढाऱ्यांचे खोकले तिच्या परसात वाऱ्यावर हलत होते.

श्रोते वाढण्याचं एक कारण कोणी प्रांजळपणे सांगत नाही, म्हणून मी सांगतो: भारनियमन. २००५ च्या आसपास आणि पुढची काही वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात वीज तासन् तास जायची. टीव्ही बंद, पंखा बंद, सेलवरचा रेडिओ चालू. आमचा ट्रान्समीटर डिझेलवर. डिझेलचं बिल पाहून कार्यालयाचा जीव वर-खाली व्हायचा, पण संध्याकाळच्या सभेचे फोन त्या वर्षांत जितके वाजले तितके आधी कधी वाजले नव्हते. त्याच सुमाराला मोबाइलमध्ये एफएम आलं. कानातल्या इअरफोनची वायर हाच एरियल, त्यामुळे इअरफोन काढला की आवाज गेला. गुराख्यापासून कॉलेजच्या पोरापर्यंत सगळे कानात वायर घालून. १९९० मध्ये "लागतच नाही" म्हणणाऱ्या गावांना आमचं केंद्र खऱ्या अर्थानं या मोबाइलनं दिलं. कडेच्या गावांतून तक्रार आली की मी एकच सल्ला द्यायचो: सेटवर स्टिरिओ-मोनोचं बटण असेल तर मोनोवर टाका. स्टिरिओला दुबळ्या सिग्नलवर खरखर खूप जास्त येते; मोनो केलं की तेच केंद्र स्वच्छ ऐकू येतं. किती लोकांना हे जादू वाटलं!

आणि मग खासगी एफएम आलं. याचं मूळ ९ फेब्रुवारी १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. खंडपीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. खटला क्रिकेटच्या प्रक्षेपणाचा, पण हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, हे त्यात ठरलं. पहिल्या टप्प्यात ४० शहरांतल्या १०८ वारंवारितांचा लिलाव झाला. शुल्क ठरावीक आणि दर वर्षी १५ टक्के वाढणारं. लोकांनी भरमसाट बोली लावल्या आणि बहुतेकांनी पाय मागे घेतला. प्रत्यक्ष वाजणारं पहिलं खासगी केंद्र बेंगळुरूचं, ३ जुलै २००१ रोजी. छोटी शहरं यात आली ती दुसऱ्या टप्प्यात, २००५ नंतर. तेव्हा एकदाच प्रवेशशुल्क आणि मग उत्पन्नाचे ४ टक्के, अशी पद्धत झाली. ९१ शहरं आणि ३३८ वाहिन्या देऊ केल्या गेल्या. सांगली, जळगाव, नांदेड, अकोला, सोलापूर ही नावं यादीत आली. एक ते तीन लाख वस्तीची शहरं 'ड' वर्गात, तीन ते दहा लाखांची 'क' वर्गात.

या टप्प्यातली एक अट तुमच्या लाल पेन्सिलीसाठी कळीची आहे. एकच कार्यक्रम अनेक केंद्रांवरून वाजवायला मोठ्या शहरांत बंदी होती. 'क' आणि 'ड' वर्गाच्या शहरांना मात्र, एकाच विभागात, तशी मुभा होती. हेतू चांगला असणार, छोट्या गावात जाहिराती कमी, खर्च वाचावा. परिणाम असा झाला, की पन्नास लाखांच्या शहराला त्याचं स्वतःचं केंद्र मिळालं आणि दोन लाखांच्या शहराला शेजारच्या मोठ्या शहराचा आवाज. सकाळी स्थानिक पोरगा किंवा पोरगी तीन-चार तास बोलणार, शहरातल्या चौकांची नावं घेणार, मग दिवसभर दुसरीकडून येणारं. त्या मुलांना दोष देऊ नका. मी त्यांच्यापैकी काहींना शिकवलंय, आणि दुकानाच्या उद्घाटनाची जाहिरात स्वतः लिहून, स्वतः बोलून, स्वतः मिसळून, संध्याकाळी त्याच दुकानदाराकडे वसुलीला जाताना पाहिलंय.

बातम्यांना खासगी केंद्रांवर बंदी. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा घेण्याची परवानगी मिळाली, आणि वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-विजेची माहिती, स्थानिक क्रीडासामने या गोष्टी 'बातमी' धरू नयेत असं स्पष्ट झालं. म्हणजे धरणातून पाणी सोडणार हे प्रशासनाच्या हवाल्यानं सांगता येईल, का सोडावं लागलं यावर बोलणं मात्र पंचाईतीचं. छोट्या शहरात बातमी आणि सूचना यांच्यातली भिंत फार पातळ असते, हे ज्यांनी नियम लिहिला त्यांना माहीत नसावं.

तिसरा प्रवाह सामुदायिक केंद्रांचा, आणि तो तुमच्या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण मागेल. डिसेंबर २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली; चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झालं. नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना दार उघडलं. १५ ऑक्टोबर २००८ रोजी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या माचनूरला दलित महिलांचं 'संघम रेडिओ' सुरू झालं, आणि त्याच वर्षी साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी'. दोन्ही ९०.४ मेगाहर्ट्झवर. एकच आकडा दोन राज्यांत कसा? शक्तीच इतकी कमी, १०० वॅट, आणि मनोरा ३० मीटरपर्यंतच. वरचाच हिशेब लावा: ३० चं वर्गमूळ साडेपाचच्या आत, म्हणजे सरळ रेषेत २२ किलोमीटरचं क्षितिज. पण १०० वॅट तिथपर्यंत दमदार पोचत नाहीत. खिशातल्या मोबाइलवर नीट ऐकू येतं ते दहा-एक किलोमीटर. त्यामुळे तोच आकडा पुढच्या जिल्ह्यात पुन्हा देता येतो.

पण लाल पेन्सिलीच्या हिशेबात हे छोटं केंद्र सगळ्यांना भारी. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक हवेत, ही परवान्याचीच अट आहे. कमाई मात्र तुटपुंजी. जाहिरातींना आधी तासाला पाच मिनिटं होती, मग सात, आणि २०२४ मध्ये बारा झाली. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपयांवर गेला. मी उभारलेल्या दोनांपैकी एक केंद्र आज चालू आहे. दुसऱ्याचा ट्रान्समीटर धडधाकट आहे, फक्त कार्यक्रम करणाऱ्या मुलीचं लग्न झालं आणि तिच्या जागी मानधनावर कोणी आलं नाही. यंत्र बंद पडून केंद्र बंद पडल्याचं मी फार क्वचित पाहिलंय.

तर, कागद कुठे मिळतील? क्यू-शीट आणि लॉगबुक ठरावीक मुदतीनंतर नष्ट करता येतात, त्यामुळे घाई करा. केंद्रप्रमुखांना आधी साधं पत्र द्या, पाहू देतात. नाही दिलं तर माहितीचा अधिकार आहेच. नष्ट झालं असेल तर जिल्ह्यातल्या जुन्या दैनिकांचे अंक उघडा. 'आजचे आकाशवाणी कार्यक्रम' असा चौकोन अनेक दैनिकांत असायचा. नगर वाचनालयात बांधीव फायली मिळतात. तो चौकोन म्हणजे गरिबाची क्यू-शीट. खासगी केंद्रांच्या लिलावाचे आणि परवान्यांचे कागद माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आणि ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या शिफारशींत आहेत, त्यात शहराचा वर्ग, मनोऱ्याची उंची, शक्ती सगळं सापडेल.

मुलाखती घेताना कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या आधी तंत्रज्ञ, चौकीदार आणि गाडीचा ड्रायव्हर यांना भेटा. बाहेरच्या ध्वनिमुद्रणाला कोणत्या गावांना गेलो आणि कोणत्या गावांना कधीच गेलो नाही, हे ड्रायव्हरच सांगेल. निवेदकाला "तुमचे अनुभव सांगा" म्हणालात तर तेच सत्काराचं भाषण ऐकायला मिळेल. त्यापेक्षा विचारा, रात्रीची शेवटची सभा संपवताना नेमके कोणते शब्द म्हणत होतात, आणि माइक बंद झाल्यावर पहिली हालचाल काय करत होतात. हात आपोआप टेबलावर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, शोधायला जातो, आणि मग माणूस बोलायला लागतो.

राहिली ध्वनिमुद्रणं. ती श्रोत्यांच्या घरी आहेत. ज्याची मुलाखत झाली, ज्याच्या मुलीनं बालसभेत कविता म्हटली, त्यानं घरच्या टेपरेकॉर्डरवर ती उतरवून ठेवलेली असते, लग्नाच्या कॅसेटच्या मागच्या बाजूला. गावोगावच्या भजनी मंडळांना विचारा, हमखास मिळतात. कॅसेट हाती आली की आधी शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे एकदा फिरवून घ्या, वर्षानुवर्षं चिकटलेली टेप सुटी होते. आवाज दबलेला, घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर बिघाड कॅसेटमध्ये असेलच असं नाही. ज्या मशीनवर भरली त्याचं हेड किंचित तिरकं असणार. हेडशेजारचा बारीक स्क्रू अर्धा-पाव आटा फिरवत 'स' आणि 'श' स्वच्छ ऐकू येईपर्यंत जुळवा, आणि काम झाल्यावर परत जागेवर आणा. संगणकावर उतरवताना मुलाखतीच्या आधीचं आणि नंतरचं कापून टाकू नका. कविता म्हणणारी मुलगी कॅसेटच्या मालकाची. पण तिच्या आधीचं अर्धं मिनिट तुमचं: चालू गाण्याचा शेवट, निवेदकाचा आवाज, "सहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत", आणि मागे जनरेटरची घरघर.